पावा हाती घेण्यात कमीपणा कसला?

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ पालकांची अशी समजूत आहे की, ज्या मुलाच्या हाती पाटी-पुस्तक आले त्याच्या हातून पावा सुटला पाहिजे. ही समजूत कोणी छापून प्रसिद्ध केलेली नाही, किंवा पालकसभेत तिच्यावर ठरावही झालेला नाही. परंतु मुलाने दप्तरात वेळूची नळी घालून आणली व ती घरच्यांच्या दृष्टीस पडली म्हणजे जे शब्द ऐकू येतात त्यांवरून ती चांगली कळून येते. "तुझ्या आज्याने गुरे राखली, बापाने राखली, तुला शाळेत घातले ते पुन्हा गुरांमागे पावा वाजवीत हिंडण्यासाठी काय?" या प्रश्नामागे एका सबंध पिढीचे कष्ट आहेत, म्हणून त्याची थट्टा करणे कोणासही शोभणार नाही. तथापि प्रश्न प्रामाणिक असला म्हणजे त्यातून काढलेला निष्कर्षही बरोबरच असतो असे नाही. माझे मत या समजुतीच्या अगदी उलट आहे. मुलाने पावा वाजवावा, तो बाजारातून न आणता आपल्या हाताने करावा, आणि शाळेने त्यास त्या कामी वेळ व जागा द्यावी, असे मला वाटते. व त्याची कारणे पालकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवावी एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. जी नळी ओठांशी आडवी धरून फुंकतात ती बासरी अथवा मुरली. जिच्या टोकास चोचीसारखे तोंड असून जी सरळ धरून फुंकतात ते अलगूज. आणि भोके नसलेले, एकच सूर देणारे अलगूज म्हणजे आपली शिटी. या सर्वांस मिळून या लेखात मी पावा म्हणणार आहे, कारण आपल्या गावांत हाच शब्द अधिक ओळखीचा आहे. पावरी नावाचे वाद्य मात्र निराळे. वाळलेला भोपळा व बांबूच्या नळ्या यांचे ते बनलेले असते, त्याची जात पुंगीची आहे, आणि मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात कोकणा बांधव ते वाजवितात. नवापूरकडील विद्यार्थ्यांस हे सांगावयास नको. परंतु शहादे-नंदुरबारकडच्या मुलांच्या मनात पावा आणि पावरी यांची नेहमी गल्लत होते, व पुढे जो एक नाजूक मुद्दा यावयाचा आहे तेथे ही गल्लत फार नडते.

तो मुद्दा आताच घेतो. आपल्या शाळेत ज्या ख्रिस्ती कुटुंबांची मुले येतात त्यांपैकी कित्येकांच्या घरी पाव्यास विरोध होतो तो गुराखीपणाच्या लाजेने नव्हे. "आम्ही जुने देव सोडले, तेव्हा त्यांची वाद्येही सोडली," असे त्या घरांतील वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांच्या या म्हणण्यास मी मान देतो. ज्या माणसाने आपल्या श्रद्धेसाठी भाऊबंदांचा रोष पत्करला, जातीच्या पंगतीत ज्यास पान मिळेनासे झाले, त्याने काही वस्तू मनापासून दूर केल्या असतील तर त्या काळी त्याने केले ते त्याच्या विवेकाने केले. परंतु पावरी व पावा यांत येथे भेद केला पाहिजे. पावरी ही एका विशिष्ट उपासनेशी जोडलेली आहे. ज्यांची ती उपासना आहे त्यांच्याकडे ती आदराने राहू द्यावी. आपण ती उपासनेसाठी उचलू नये, व गंमत म्हणूनही उचलू नये. पावा मात्र कोणत्याही एका देवाचा नाही. मुरली म्हटली की हिंदू बांधवांस गोपाळकृष्णाची आठवण होते, हे साहजिकच आहे; पण माळावर दुपारी गुरे सावलीस बसल्यावर पोरगा जो सूर काढतो तो स्वतःच्या करमणुकीसाठी काढतो, त्यात पूजा नाही आणि नवसही नाही.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास तर याविषयी संशय राहण्याचे कारण नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात युबाल याचे नाव येते. तंतुवाद्य व पावा वाजविणाऱ्यांचा तो मूळ पुरुष, आणि त्याचा भाऊ याबाल हा तंबूंत राहून गुरे पाळणाऱ्यांचा मूळ पुरुष, असे तेथे सांगितले आहे. गुरे आणि पावा हे एकाच घरातले दोन भाऊ झाले म्हणावयाचे. स्तोत्रसंहितेच्या शेवटल्या स्तोत्रात देवाच्या स्तवनास ज्या वाद्यांस बोलावले आहे त्यांत पावा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो दोनदा येतो. एकदा बाजारात खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी आणि एकदा मेलेल्या मुलीच्या घरी रडारड चालली असता. म्हणजे तेच वाद्य खेळात आहे, दुःखात आहे व स्तुतीतही आहे. पौलाने करिंथकरांस लिहिताना तर पाव्याचा दृष्टान्तच घेतला; सुरांत स्पष्ट भेद नसेल तर काय वाजते आहे हे ऐकणाऱ्यास कसे कळावे, असे तो विचारतो. ज्याने पाव्याची भोके स्वतः पाडली आहेत त्यास हा दृष्टान्त जितका पटेल तितका तो मला माझ्या वर्गात समजावून सांगता येत नाही.

आणि मराठी मंडळीस तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांनी आपला अभंग, आपले भजन व कीर्तन टाकून दिले नाही. तेच साहित्य त्यांनी प्रभूच्या सेवेस लाविले. १९१९ साली ते निवर्तले, त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी महाराष्ट्रातील देवळादेवळांतून त्यांची पदे गाइली जातात. जे टिळकांनी वीणा आणि टाळ यांच्या बाबतीत केले तेच सातपुड्याच्या पायथ्याच्या मंडळीने पाव्याच्या बाबतीत का करू नये? आपल्या उपासनेत पेटी चालते, गिटार चालते, विजेवरचा कीबोर्डही चालतो. यांपैकी एकही वाद्य आपल्या आजोबांच्या अंगणात वाजलेले नाही. परक्याची वाद्ये निर्दोष व आपली तेवढी सदोष, हा न्याय माझ्या समजुतीबाहेरचा आहे.

येथे थोडे विषयांतर होईल, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. आजकाल ठिकठिकाणच्या शाळांची स्नेहसंमेलने होतात, त्यांत "आदिवासी नृत्य" हा कार्यक्रम ठरलेला असतो. मुलांच्या डोक्यास कागदी पिसे, अंगावर काळ्या-पांढऱ्या रेघा, आणि मागे कर्ण्यावर कोणत्या तरी चित्रपटातील गाणे! २०११ च्या शिरगणतीप्रमाणे आपल्या जिल्ह्यातील शंभरांपैकी सुमारे ६९ माणसे आदिवासी समाजाची आहेत. पावा वाजविणारा खरा माणूस प्रेक्षकांत मागच्या रांगेत मुंडासे बांधून बसलेला असतो आणि त्याचाच नातू रंगमंचावर त्याचे सोंग आणीत असतो. यास संस्कृतीचे जतन म्हणतात! त्या मुलाने आजोबांकडून एक साधा पावा करून घेतला असता, व तो चुकतमाकत वाजविला असता, तर मला त्या संध्याकाळी अधिक आनंद झाला असता.

असो. आता गुराखीपणाच्या आक्षेपाकडे वळू. पावा हे अडाणी माणसाचे वाद्य आहे, शिकलेल्याचे नव्हे, हा त्याचा मथितार्थ. जर्मनीच्या दक्षिण भागात होले फेल्स नावाची गुहा आहे. तेथे २००८ साली उत्खननात एक पावा सापडला. तो गिधाडाच्या पंखातील हाडाचा असून त्यास पाच भोके आहेत, आणि त्याचे वय पस्तीस ते चाळीस हजार वर्षांचे धरतात. शेती नव्हती, मडके नव्हते, लिपी तर नव्हतीच. पण पावा होता. चीन देशातील हेनान प्रांतात जियाहू येथे क्रौंच पक्ष्यांच्या हाडांचे पावे निघाले, ते सात-आठ हजार वर्षांहून जुने आहेत. त्यांपैकी एकाची गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या पाव्यावर एका मोठ्या भोकाच्या शेजारी सुईने पाडावे तसे एक बारीकसे भोक आहे. संशोधकांनी विचार केला तेव्हा त्यांस असे वाटले की, मोठ्या भोकाचा सूर थोडा चुकला म्हणून करणाऱ्याने तो सुधारण्यासाठी हे दुसरे पाडले असावे. इतक्या हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा कान इतका चोखंदळ होता! ज्यास आपण अडाणी म्हणतो त्याने चूक ओळखली, तिचे कारण शोधले, व उपाय करून पाहिला. आपल्या प्रयोगशाळेत आपण मुलांस याहून निराळे काय शिकवितो?

इतक्या दूर जावयाचे नसेल तर आपल्या देशातच पहा. १९११ साली पूर्व बंगालात बारिसाल येथे जन्मलेले पन्नालाल घोष यांच्यापूर्वी बासरी ही मैफलीत मानाची जागा मिळणारी वस्तू नव्हती. लोकसंगीतात ती असे, आणि फार झाले तर साथीस. रागाचे गांभीर्य लहान बासरीत येत नाही हे जाणून त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या करून पाहिल्या, आणि शेवटी सुमारे बत्तीस इंचांची बासरी सिद्ध केली; तिला नेहमीच्या सहा भोकांवर तीव्र मध्यमासाठी एक सातवेही पाडले. १९६० साली ते वारले, परंतु आज मैफलीत जी मोठी बासरी ऐकू येते ती त्यांच्या या खटपटीचे फळ आहे. त्यांच्यामागून ज्यांचे नाव जगभर झाले ते पंडित हरिप्रसाद चौरसिया १९३८ साली अलाहाबादेस जन्मले. वडील पैलवान, मुलाने आखाड्यात उतरावे ही त्यांची इच्छा, त्यामुळे मुलगा संगीत शिकला तो वडिलांच्या नकळत. पालकांच्या आक्षेपास असे थोर उदाहरण मिळाले म्हणून मला बरे वाटते. तरी प्रत्येक पावेवाल्या पोराचा चौरसिया होईल असे आश्वासन मी कोणासही देत नाही, कारण ते खोटे ठरेल आणि शिवाय त्याची जरुरीही नाही. आपण छंदाविषयी बोलत आहो. छंदाने पोट भरावे अशी अट घातली की तो छंद मरतो.

परदेशातील एका शिक्षिकेचा वृत्तान्त मात्र विस्ताराने सांगण्यासारखा आहे, कारण तो आपल्या शाळेस लागू पडतो. इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात मार्गारेट जेम्स नावाच्या बाई शिक्षिका होत्या. सिसिली बेटातील गुराख्याचा एक वेळूचा पावा त्यांच्या पाहण्यात आला. साधी वस्तू, पण त्यांच्या मनात आले की, असा पावा आपल्या शाळेतील मुलांस करता येणार नाही काय? त्या काळी गरीब वस्तीतील मुलांस वाद्य विकत घेणे जमत नसे, आणि वाद्यावाचून संगीत शिकविणे म्हणजे पाण्यावाचून पोहणे शिकविणे. बाईंनी मुलांस बांबू, सुरी व कानस दिली. हा प्रयोग एवढा पसरला की १९३२ साली अशा पावेकऱ्यांचा संघ स्थापन झाला. पुढे फ्रान्स, हॉलंड वगैरे देशांतही तो गेला, आणि राल्फ वॉन विल्यम्स यांच्यासारख्या त्या देशातील अग्रगण्य संगीतकाराने १९३९ साली या पाव्यांसाठी स्वतंत्र रचना केली. संघाचे धोरण असे की, ज्याने त्याने आपला पावा आपण करावा, आपण सजवावा व आपण वाजवावा. तयार पावा विकत घेऊन मिरविणाऱ्यास तेथे मोठेपणा नाही.

ही गोष्ट मी येथे मुद्दाम सांगितली. इंग्लंडातल्या शिक्षिकेने गुराख्याचा पावा उचलून शाळेत आणला, आणि आपण जेथे गुराखी अजून जिवंत आहेत तेथे तो शाळेबाहेर हाकलतो आहो. ज्या स्वीडन देशातून आलेल्या मिशनऱ्यांनी खानदेशात सेवा केली, त्या देशातील खेड्यांतही वसंत ऋतूत वाळुंजाच्या कोवळ्या फांदीची साल अखंड सोडवून तिचा पावा करण्याची जुनी चाल आहे. झाडात रस चढला म्हणजेच साल सुटते, म्हणून हा पावा वर्षातून थोडेच दिवस करता येतो. त्यास बोटांची भोके नसतात, शेवटचे तोंड बोटाने झाकून व उघडून, आणि फुंकर कमीअधिक करून सूर काढावयाचे. तेथे हे करणे कोणास लाजिरवाणे वाटत नाही.

आता करावयाचे कसे ते सांगतो. लहान मुलांनी प्रारंभ बांबूने करूच नये. पिंपळाच्या पानाची सुरळी करून पिपाणी, पपईच्या पोकळ देठाचे एक टोक चिरून केलेली पुंगी, पावसाळ्यात उकिरड्यावर रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून वाजविणे, ही पहिली इयत्ता होय. यांत खर्च काही नाही, आणि फुटले तर रडावयासही नको. लेखणीच्या टोपणाच्या कडेवर आडवी फुंकर घालून शीळ काढणे हे तर वर्गावर्गात शिक्षकांच्या पाठीमागे चाललेलेच असते. ती मुले शिक्षा भोगतात, पण शास्त्राच्या दृष्टीने ती एका बाजूने बंद असलेल्या नळीचा प्रयोग करीत असतात.

दुसरी इयत्ता शिटीची. बोटापेक्षा थोडे जाड, आतून पोकळ असे सुकलेले कांडे घ्यावे. आपल्या सातपुड्यातील मानवेल पुष्कळदा भरीव किंवा जाड भिंतीचा निघतो. तेव्हा त्याचा शेंड्याकडील पोकळ भाग पाहून घ्यावा. कांडे एक वीत लांब कापावे. दोन्ही टोके मोकळी असावीत. तोंडाच्या टोकापासून दोन बोटांवर वरच्या बाजूस एक खिडकी पाडावी, अशी की तिची तोंडाकडील बाजू सरळ उभी कापलेली व पलीकडील बाजू उतरती तासून धार आणलेली. मग सावरीसारख्या मऊ लाकडाचा दट्ट्या करून तो तोंडात खिडकीपर्यंत बसवावा, आणि त्याचा वरचा भाग किंचित, पोस्टकार्डे दोन-तीन एकावर एक ठेवल्याइतका, सपाट तासावा. त्या फटीतून गेलेली हवा नेमकी धारेवर आपटली पाहिजे. साऱ्या शिटीचे मर्म या एका धारेत आहे. फट मोठी झाली तर नुसता वारा जाईल, फट वाकडी झाली तर शिटी घोगरी होईल, आणि धार बोथट राहिली तर कितीही गाल फुगविले तरी काही होणार नाही. पहिल्या तीन शिट्या बहुतेक मुक्या निघतात. चौथी बोलते, आणि त्या वेळी मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

शिटी बोलू लागली की पदार्थविज्ञानाचे दार उघडले. तिचे शेवटचे तोंड बोटाने बंद करा. सूर एकदम जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. का? दोन्ही टोके मोकळी असलेल्या नळीत लहरीची लांबी नळीच्या सुमारे दुप्पट असते, आणि एक टोक बंद केले की ती चौपट होते. हवेत नादाचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर. चौतीस सेंटिमीटर लांबीची मोकळी नळी घेतली तर लहर अडुसष्ट सेंटिमीटरांची, म्हणजे सेकंदास सुमारे ५०० कंपने. नळी अर्धी केली तर सुमारे १०००. प्रत्यक्षात टोकाबाहेरची थोडी हवाही हलते, म्हणून सूर हिशेबापेक्षा जरासा खाली येतो. ही तफावत का पडली हे विद्यार्थ्याने विचारावे अशीच शिक्षकाची इच्छा असते. आणखी एक मौज आहे. आपल्याकडे पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत उष्णतेचे अंतर पंचवीस अंशांपर्यंत पडते. उष्ण हवेत नाद अधिक वेगाने जातो, त्यामुळे एकाच पाव्याचा सूर उन्हाळ्यात चढतो. आतली हवा फुंकणाऱ्याच्या श्वासाने ऊबदार होत असल्यामुळे हा फरक गणितात येतो त्याहून कमी पडतो, पण पेटीशी मेळ घालताना कानास तो जाणवतो. हे सर्व पुस्तकात सूत्रांच्या रूपाने आहे. पुस्तकातील सूत्र परीक्षेनंतर विसरते. ज्या सूत्रामुळे आपला पावा बिघडला ते विसरत नाही.

तिसरी इयत्ता बासरीची. येथे नळी पातळ भिंतीची, सरळ व लांब पेराची लागते. उत्तर प्रदेशातील पिलिभीत हे गाव बासऱ्यांच्या धंद्याकरिता नावाजलेले आहे, पण तेथेही यासाठी बांबू आसामातील सिल्चरकडून आणावा लागतो. आपणास तसा न मिळाल्यास विजेच्या तारा नेण्याची प्लास्टिकची नळी खुशाल घ्यावी. सोवळे करण्याचे कारण नाही. बांबूस भोके पाडावयाची ती तापविलेल्या सळईने, कारण गिरमिटाने तो उभा चिरतो. भोक प्रथम लहान पाडावे आणि पेटीशी सूर लावून पाहत कानशीने हळूहळू मोठे करावे. भोक वाढले की सूर चढतो. वाजवीपेक्षा मोठे झाले तर मेणाने कड बुजविता येते, पण ती ठिगळाची बासरी झाली. फुंकण्याच्या भोकाशिवाय बोटांसाठी सहा भोके. वरची तीन बोटांनी झाकली असता षड्ज आणि सहाही झाकली असता खालचा पंचम, हा आपल्याकडील प्रघात. आतून हलके तेल द्यावे, बाहेरून दोऱ्याचे आवळ वेढे द्यावे, आणि उन्हात ठेवू नये.

सळई तापविण्याचे काम वडील माणसासमोर करावे, सुरीची धार नेहमी आपल्या अंगापासून दूर ठेवावी, आणि एकाचा पावा दुसऱ्याने तोंडास लावू नये. क्षयासारखा रोग आपल्या भागात अजून आहे. संकोचाने हे न बोलण्यात अर्थ नाही.

वाजविण्याविषयी मला फारसे सांगावयाचे नाही. घरातल्या माणसांस पहिले काही आठवडे सोसावे लागतील, शेजाऱ्यांसही लागतील. मुलाने ओळखीचे एखादे गाणे, आईच्या तोंडची एखादी रोडाली, किंवा रविवारच्या शाळेतले एखादे भजन घ्यावे आणि पाच सुरांत ते बसवावे. मोबाईलवर हजार गाणी ऐकता येतात हे खरे. परंतु ऐकणाऱ्याची बोटे रिकामीच राहतात.

अभ्यासाचा वेळ जातो, हा शेवटचा आक्षेप. ज्या मुलास अर्धा तास पावा करावयास दिला असता तो अर्धा तास भूमितीत घालवील असे मानणाऱ्या पालकांस मुलांची ओळख अद्याप व्हावयाची आहे असे मी सविनय म्हणेन. शिवाय ही कल्पना माझ्या एकट्याची नाही. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेपासून हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे हे तत्त्व या देशात मांडले गेले आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना शाळेत यावे व सुतार, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांपाशी काम शिकावे असे सांगितले आहे. आपल्याकडे कलावंत शोधण्यास दूर जावे लागत नाही. बुरूडकाम करणारा मनुष्य वेळू ओळखतो, आणि डोंगरातील गावांतून पावा करणारी वृद्ध माणसे अजून आहेत. त्यांस शाळेत बोलवावे, खुर्ची द्यावी, विद्यार्थ्यांनी त्यांस गुरुजी म्हणावे, व त्यांच्या दिवसाची मजुरी त्यांस हातात द्यावी. शालीवर भागवू नये. ज्या मुलाचा आजा त्या खुर्चीवर बसेल त्यास आपल्या घराविषयी काय वाटेल हे मला निराळे लिहावयास नको.

बांबूविषयी एक सूचना. तो पावसाळ्यात तोडू नये, लवकर किडतो. हिवाळ्यात तोडलेला घेऊन सावलीत काही आठवडे वाळवावा. जंगलातून परस्पर तोडून आणण्यापेक्षा, शेताच्या बांधावरचा मालकास विचारून घ्यावा किंवा बुरुडाकडून विकत घ्यावा. एका लांब काठीत दहा-बारा मुलांच्या शिट्या होतात.

ज्या पालकांस हे पटेल त्यांनी आपल्या मुलाबरोबर वीतभर सुकलेले कांडे शाळेत पाठवावे. ज्या घरी पावा करणारे आजोबा किंवा मामा असतील त्यांची नावे मुलांनी वर्गशिक्षकांपाशी द्यावी, मग ते घर कोणत्याही धर्माचे वा जमातीचे असो. आणि ज्यांस पटणार नाही त्यांनीही एखाद्या शनिवारी दुपारी येऊन मुले काय करीत आहेत ते पाहून जावे. सुऱ्या धरणाऱ्या मुलांवर देखरेख करावयास चार वडील माणसे लागतीलच.